चाचांच्या गिटारीचा सहावा स्क्रू

जवळा बाजार या आमच्या गावात स्क्रूला मान देणारा एकच माणूस आहे आणि तो माझ्या हार्डवेअरच्या दुकानासमोर राहतो. पूर्वी चाचा कपाटं-पलंग करायचे, गेली कित्येक वर्षं गिटारी करतात. गावात गिटार वाजवणारं कोणी नाही, याचं त्यांना काही वाटत नाही. माझ्याकडून पाकीटभर स्क्रू नेतात, भिंगाखाली एकेक तपासतात आणि निम्मे परत आणतात. तेव्हा दुकानात गिऱ्हाईक असलं की त्याची शाळा सुरू. "आधी भोक पाडलं का? मेण लावलं का? साबण न्हाई लावायचा, त्याला ओल धरते. दोन फेरे पुढं, एक मागं." तो बिचारा गोठ्याच्या दाराला कडी न्यायला आलेला असतो. एका लग्नात त्यांना नवरदेवाच्या खुर्चीचा स्क्रू तिरपा दिसला. तो काढून सरळ बसवेपर्यंत नवरदेव अर्धा तास उभा. मुलीकडचे चिडले, तर म्हणाले, "पडला असता मंग कोणाला बोलले असते तुमी?"

मागच्या वर्षापासून त्यांचे हात थरथरायला लागले. तरी एक गिटार राहिली होती, नांदेडला शाळेत शिकवणाऱ्या त्यांच्या मुलीची. जगाच्या लेकरांना दिल्या आणि घरचीला नुसता वायदा. ती सुट्टीला आली, दुपारी दोनच्या गाडीनं परत निघणार होती, आणि गिटारीच्या माथ्यावर तारा पिळायच्या सहा खुंट्या तेवढ्या बसवायच्या होत्या. प्रत्येक खुंटीला मागून एक पितळी स्क्रू, तांदळाच्या दाण्याएवढा. त्या दिवशी सकाळी चाचा दुकानात आले. "बाई, हात तुमचा, अक्कल माझी. चालंल का?"

समोर त्यांच्या ओट्यावर बसून पाच स्क्रू त्यांच्या हुकमानं बसवले. आधी लोखंडी स्क्रू घालून वाट करायची, तो काढायचा, मग मेण लावून पितळी, कारण पितळ मऊ, जोर सोसत नाही. सहाव्याला मला दुकानाची घाई झाली. चाचा चष्मा पुसत होते तेवढ्यात लोखंडीची पायरी मी गाळली आणि सरळ पितळी पिळला. टक् आवाज झाला. डोकं माझ्या हातात, धड लाकडात.

"राहू द्या आत," मी म्हटलं. "वरून डोकं चिकटवू. कोणाला दिसतंय?"

"अन् खुंटी कशानं धरंल? तुमच्या शब्दानं?"

ओरडले नाहीत. जुन्या रेडिओच्या एरियलची बारीक नळी काढली. तिच्या तोंडाला कानशीनं दाते पाडायला लावले. ती नळी मोडक्या स्क्रूभोवती बसवून चिमट्यानं हळूहळू फिरवायची, म्हणजे स्क्रूसकट लाकडाची काडी बाहेर येते. मी फिरवत राहिले. दुकानापुढं दोन गिऱ्हाईकं येऊन गेली, मी उठले नाही. दीड वाजता काडी निघाली. चाचांनी त्याच जातीच्या लाकडाची नवी काडी सरस लावून भोकात ठोकायला सांगितली आणि हात झटकले. "आता सकाळपर्यंत हात लावायचा न्हाई."

"अब्बा, माझी गाडी," मुलगी म्हणाली.

"तू जाय. पाच तारांची घेऊन जाय. सहावी मी घेऊन येतो."

ती माझ्याकडं बघून म्हणाली, "काकू, हे परभणीला डोळे दाखवायला न्हाई येत, नांदेडला येणार?"

रविवारी चाचा नांदेडला आले. खिशात सहावी खुंटी, दोन स्क्रू आणि मेणबत्तीचा तुकडा. सोबत मी, कारण मोडलं मी होतं. मुलीच्या खोलीत चटईवर बसून भोक पाडलं, लोखंडी घातला, काढला, पितळी घातला. चाचा भिंगातून बघत होते. स्क्रू बसला, तार चढली.

मुलगी वाजवायला बसली तेव्हा चाचांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते. चांगलं वाजलं का ते मला विचारू नका, मला त्यातलं कळत नाही. ते मात्र शेवटपर्यंत तिच्या बोटांकडं न बघता खिडकीबाहेर बघत होते.

परतीच्या गाडीत वसमत गेल्यावर म्हणाले, "घरी अजून एका गिटारीचं लाकूड पडून हाय. वाळलंय बराबर."

मी त्यांच्या हातांकडं बघितलं. म्हटलं, "बुधवारी दुकान दुपारून उघडते. सकाळी येईन."

"लवकर या," ते म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.