ईथरच्या खोलीची किल्ली

वागळे इस्टेटमधल्या औषध तपासणीच्या लॅबमध्ये दर्शनाला नऊ वर्षं झाली होती, आणि नऊही वर्षं ती कंत्राटावरच होती. यंदा तिला कायम करायचा कागद मॅनेजर यज्ञेशसाहेबांच्या टेबलावर पडून होता. म्हणून टिटवाळ्याहून येणारी ही बाई हल्ली कुणाशी वाकडं बोलत नव्हती.

स्टोअर तिच्या ताब्यात. जुने स्टोअरकीपर सीतारामकाका निवृत्त होताना किल्लीबरोबर चार गोष्टीही देऊन गेले होते. ईथर हे रसायन अंगाच्या उबेनेसुद्धा उकळायला बघतं. त्याची वाफ हवेहून जड. दिसत नाही, जमिनीवरून सरपटत जाते आणि कुठे दिवा भेटला की पेटत मागे बाटलीपर्यंत येते. बाटली उघडली की तारीख टाकायची. जुन्या बाटलीच्या बुचाशी साखरेसारखे खडे दिसले तर हात लावायचा नाही. बूच फिरवलं तरी फुटेल.

खंडेनवमीची पूजा दरवर्षी हॉलमध्ये होई. यंदा साहेबांना ती नव्या स्टोअरमध्ये हवी होती, मुख्य ऑफिसला फोटो पाठवायला. केमिस्ट हेमालीने समई घासून लखलखीत करून आणली. नेमकी त्याच सकाळी ईथरची पेटी आली आणि तीत एक बाटली पाझरत होती. दर्शनाने ती मोकळ्यावर नेली, ठिणगी नको म्हणून पंख्याचं बटणही न दाबता खिडक्या उघडल्या आणि दाराला कुलूप घातलं. समई आत जाणार नाही, म्हणाली.

हेमाली हसली. "समईचाच त्रास होतो का गं? तुमच्यात चालत नाही म्हणून आमचीही नको?"

डब्याच्या वेळी पाठीमागे चालणारं बोलणं आज तोंडावर आलं होतं. सगळे हातातल्या झेंडूकडे बघत राहिले.

"घरी बुद्धांपुढे मेणबत्ती लावते मी," दर्शना म्हणाली. "तीही इथे लावणार नाही."

साहेबांनी किल्ली मागितली. कुणाला कायम करायचं ते आपल्याच हातात आहे, हेही सगळ्यांसमोर ऐकवलं. दर्शनाने रजिस्टर उघडून पुढे सरकवलं.

"लिहा, सर. 'समई माझ्या सांगण्यावरून लावली', एवढंच. सही करा नि किल्ली घ्या."

साहेबांचं पेन खिशातून निघालं नाही. पूजा हॉलमध्ये झाली. पेढ्यांचं ताट दर्शनाला वळसा घालून गेलं.

दिवाळीनंतर निकाल लागला. कायम नाही; काचसामान धुण्यावर बदली, किल्ली हेमालीकडे. दर्शनाने एकेक बाटली मोजून दिली. मागच्या कोपऱ्यात एक होती, हेमालीच्याच टेबलावरून परत आलेली, तारीख नसलेली. बुचाभोवती पांढरे खडे.

"हिला हात लावू नका, मॅडम. माहितगार माणसं बोलवा."

"मला शिकवू नकोस," हेमाली म्हणाली. पण पुढे केलेला हात तिने मागे घेतला.

पुढच्या खंडेनवमीला कुणीतरी समई घेऊन स्टोअरकडे वळलं, तेव्हा हेमाली दारात उभी राहिली आणि हॉलकडे बोट दाखवलं. तिथून काचसामान धुण्याच्या नळाशी उभी असलेली दर्शना तिला स्पष्ट दिसत होती.

पेढ्यांचं ताट नळापर्यंत याही वर्षी आलं नाही.