बाबांचे ओठ

आमच्या गावात दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, नाटक व्हायचं आणि बाबा त्यात प्रॉम्प्टर असायचे. नट वाक्य विसरला की विंगेतून ते हळूच पुरवायचं, हे त्यांचं काम. राजापासून दारुड्यापर्यंत सगळ्यांची वाक्यं त्यांना पाठ, पण स्टेजवर ते एकदाही गेले नाहीत. मी त्यांच्या बाजूला पोत्यावर बसून नाटक बघायची. त्यामुळे मला कुठलंच नाटक समोरून दिसलं नाही. दिसायचा तो नटाचा एक कान, अर्धा चेहरा आणि पाठीमागे लपवलेला थरथरता हात. आता माझ्या फिल्म बघून लोक विचारतात, तुमचा कॅमेरा नेहमी बाजूलाच का? काय सांगणार! मला समोरून बघायची सवयच नाही.

गेल्या रोवणीत, भातलावणीच्या दिवसांत, माझ्या पहिल्या मोठ्या फिल्मचा शेवटचा शॉट आमच्या आसगावात, आमच्याच बांधीत, चिखलाच्या खाचरात घ्यायचा होता. प्रसंग एवढाच, की एक बाई चिखलात धान रोवते आहे. नवरा डबा घेऊन धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून येतो आणि सांगतो, शहरातल्या पोराचा फोन आला होता, परत येऊ का विचारतो. बाई म्हणते, "येऊ नोको म्हना." बस्स. मला शिकलेले नट नको होते. बाई झाली माझी काकू आणि नवरा झाले बाबा. जन्मात पहिल्यांदा ते विंगेतून बाहेर आले होते.

पण रोवणी कोणासाठी थांबत नाही. रोवणाऱ्या बाया गुत्त्यावर, ठेक्याने आलेल्या, आमचं आटोपलं की लगेच दुसऱ्याच्या शेतात जाणार होत्या. गावातली ही शेवटचीच मोकळी बांधी. ती भरली की माझा शॉट पुढच्या सालावर गेला असता, आणि तोवर फिल्म अर्धीच पडून राहिली असती.

पहिल्या टेकला काकू छान बोलली. मी खूश झाले, तेवढ्यात आवाज घेणाऱ्या माझ्या मित्राने मान हलवली. "कुणीतरी कुजबुजतंय." मी हेडफोन कानाला लावला. काकूच्या वाक्याच्या जरासं आधी तेच वाक्य बाबांच्या आवाजात येत होतं.

"बाबा, काकूचं वाक्य तुमी काहून बोलून राहिले?"

"मी? मी कोठी बोललो?"

त्यांना खरंच पत्ता नव्हता. दुसऱ्या टेकला तेच, तिसऱ्यालाही तेच. बाया वाकून उलट्या पावलांनी मागे सरकत होत्या आणि मोकळा चिखल आकसत चालला होता. "आटपा ना वो लवकर," त्यांतली एक ओरडली. चौथ्या टेकला पुन्हा ती कुजबुज आली आणि माझं डोकं फिरलं.

"अख्खी जिंदगी दुसऱ्याचंच बोलले तुमी! आता तं चूप राहा!"

सगळ्या बाया एकदम सरळ झाल्या. "बापाशी असं बोलते काय वो?" काकू म्हणाली. डब्यावर उडालेला चिखल बाबांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसला आणि म्हणाले, "घे. अजून एक घे."

आता एका खाटेएवढा कोपरा उरला होता. बाबा धुऱ्यावरून आले. "पोराचा फोन आलता. येऊ काय म्हनते." काकू उठली. तिने तोंड उघडलं आणि ती वाक्य विसरली. सवयीने तिने बाबांकडे बघितलं. गावातले सगळे नट असेच बघायचे, आणि बाबांनी आजवर कोणालाही उघडं पडू दिलं नव्हतं. त्यांचे ओठ हलायला लागले. तेवढ्यात त्यांनी रिकामा हात उचलला आणि स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबून धरला.

काकू त्या हाताकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. मग ती काही न बोलता खाली वाकली आणि तिने धानाचे उरलेले पऱ्हे रोवून टाकले. बांधी भरली.

मी कट म्हणायच्या आधीच बाबा चिखल तुडवत माझ्याकडे आले. "एक शब्द नाही बोललो, पोरी. आयकून पाय ना त्या हेडफोनात." मला इतकी लाज वाटली की माफीसुद्धा मागता आली नाही.

तो शॉट मी जसाच्या तसा ठेवला. बाहेरगावचे लोक म्हणतात, शेवटी बाईला गप्प ठेवलंत, काय लिहिलंय! मी लिहिलेलं वाक्य तर त्यात नाहीच.

मग गावच्या शाळेत, खिडक्यांना चादरी लावून, फिल्म दाखवली. तो प्रसंग आला. पडद्यावर काकू गप्प उभी, बाबांचा हात तोंडावर, शाळाभर शांतता. आणि माझ्या शेजारून, अंधारातून, हलक्या आवाजात आलं, "येऊ नोको म्हना."

"आता सांगून राहिले!" पुढच्या रांगेतून काकू ओरडली आणि सगळी शाळा हसली. बाबांनी दचकून माझ्याकडे बघितलं आणि हात तोंडाकडे नेला. मी तो मधेच धरला आणि फिल्म संपेपर्यंत सोडला नाही.