यंत्राची तारीख

जुन्या फायलीतून काल कॅलेंडरचं एक चुरगळलेलं पान पडलं आणि कऱ्हाडच्या कॉलेजातली ती सकाळ आठवली; तिथलं नेटवर्क तेव्हा मी सांभाळायचे. महिनाभरानं परदेशातून सही होऊन आलेलं डिजिटल सुरक्षा प्रमाणपत्र नेटवर्कचं यंत्र काही केल्या घेईना. उद्या तपासणी समिती येणार, मी रडकुंडीला आलेली. शिपाईमामा भिंतीवरच्या कॅलेंडरचं आदल्या दिवसाचं पान फाडत म्हणाले, "आवं मॅडम, काल दिसभर लाईट न्हवती. आज तारीख कुठली, ते त्याला ठावं हाय का?" पाहिलं, तर वीज गेल्यानं यंत्राचं घड्याळ सहा वर्षं मागं गेलेलं, त्याच्या लेखी प्रमाणपत्राचा जन्मच झाला नव्हता! तारीख लावली, प्रमाणपत्र बसलं आणि मी हसतच सुटले. मामांनी चुरगाळलेलं पान मी मागून घेतलं. यंत्रं आता आपली तारीख आपणच लावतात; काल त्या पानाच्या सुरकुत्या मात्र मी हातानं सरळ केल्या.