माळढोकाचं एक अंडं

नव्वदच्या दशकात पक्ष्यांच्या वर्तनावर पीएच.डी. करताना मी कर्जतजवळच्या माळावरच्या एका गावात खोली घेऊन राहत होते. माझा पक्षी माळढोक. उभा राहिला की कमरेच्याही वर भरणारा, आणि तेव्हाच इतका कमी झालेला की आठवड्यातून एकदा दिसला तरी मी हरखून जायची. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर.

त्या भाद्रपदात एका मादीने अंडं घातलं ते नेमकं एका शेतकऱ्याच्या पडीक तुकड्यात. पाऊस बरा झाला म्हणून तो तिथे ज्वारी पेरणार होता. मी त्याच्या घरी जाऊन सगळं सांगितलं.

"किती दिस थांबू?"

"महिनाभर."

"वाफसा जाईल, ताई. पेरण्यापुरती ओल ऱ्हायची न्हाय." मग त्याने बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "बाळंतीन हाय म्हनायची. थांबा की."

तो थांबला.

रोज उजाडताना मी लांबच्या एका बाभळीआड दुर्बीण घेऊन बसायची. दुपारी ऊन तापलं की मादी उठून उभी राहायची आणि पंख जरा उघडून अंड्यावर सावली धरायची. एकदा चरत चरत एक गाय अगदी जवळ आली. मादीने पंख पसरले, पण जागची हलली नाही. शेवटी गायच वळली. ते मी लगेच वहीत लिहून घेतलं.

तेविसाव्या दिवशी सकाळी ती जागेवर नव्हती. चरायला गेली असेल म्हणून मी वाट पाहिली. नऊच्या सुमाराला शेतकरी बांधावरून धावत आला.

"ताई, तारंखाली पडलीय वो ती."

विहिरींसाठी त्याच उन्हाळ्यात विजेची लाईन ओढली होती. माळढोकाला उडताना समोरचं नीट दिसत नाही आणि एवढं जड अंग ऐनवेळी वळवता येत नाही. हे मी पुढे कितीतरी व्याख्यानांत सांगितलं. त्या सकाळी मात्र मी तिची मान सरळ करत नुसती बसून राहिले.

"आमच्याकडं खुडूक कोंबडी हाय," त्याची बायको म्हणाली. "तिच्याखाली ठिवू अंडं."

"हात लावता येत नाही. वनखात्याची परवानगी लागते," मी म्हणाले. "मी कर्जतला जाऊन फोन करते. तोवर फक्त सावली धरा."

एसटीडी बूथवरून पहिला फोन लावला तर साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या कचेरीतून उत्तर आलं, लेखी अर्ज द्या. शेवटी पुण्याला माझ्या मार्गदर्शक सरांना लावला. "परवानगीवाचून उचललंस तर तुझं काम तिथेच थांबेल," ते म्हणाले. मी पुन्हा पहिला नंबर फिरवला. मग पुन्हा एकदा.

परत आले तेव्हा तीन वाजून गेले होते. शेतकरी छत्री धरून तसाच उभा होता.

"काय म्हनले?" बायकोने विचारलं.

"परवानगी मिळाली नाही." तिने खाली वाकून अंडं उचललं आणि पदरात घेतलं. मी तिला अडवलं नाही. उचला असंही म्हणाले नाही.

दोन दिवस कोंबडी अंड्यावर बसली. तिसऱ्या दिवशी आतून टकटक ऐकू आली. आम्ही तिघं टोपल्याभोवती बसलो. संध्याकाळपर्यंत कवचाला बारीक भेग पडली, आणि मग आवाज थांबला. सकाळी मी कवच उघडलं. पिल्लू पुरतं वाढलेलं होतं.

प्रबंधात मी लिहिलं : मादी मृत, अंडं निकामी. कोंबडीचा उल्लेख केला असता तर त्या बाईवर खटला झाला असता.

तारा हलवाव्यात म्हणून पुढे बरेच अर्ज केले. समित्यांवर बसले, परदेशात निबंध वाचले. त्या माळावर माळढोक दिसल्याचं मात्र पुढे कुणी सांगितलं नाही.

गाव सोडताना निरोप घ्यायला गेले तेव्हा ती बाई दारात पाखडत बसली होती. हात न थांबवता तिने विचारलं, "ताई, सकाळच्यालाच ठिवलं असतं तर?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि मला चहाला आत बोलावलं.