दुसरा ब्रेक

मास्तरांनी आयुष्यभर लोकांना गाडी शिकवली. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्यावर मास्तरांचा पाय इतकी वर्षं होता, की घरी बातम्या बघतानाही तो फरशी दाबायचा. बायको म्हणायची, "अहो, त्याने बातम्या थांबणार नाहीत."

रविवारी मास्तर शाळकरी मुलींच्या बास्केटबॉल मॅचना पंच असत. मॅचला दोन पंच लागतात आणि दुसरा मिळता मिळेना. शेवटी त्यांनी आपल्याच एका विद्यार्थिनीला गळ घातली. ती दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनिस्ट होती. नियम तोंडपाठ, नजर तीक्ष्ण; फक्त शिट्टी वाजवली की मागोमाग "सॉरी हं" म्हणायची. दवाखान्याची सवय, दुसरं काय!

मास्तर तिला सांभाळून घेत. जरा जास्तच सांभाळून घेत. ती शिट्टी तोंडाला लावते न लावते तोच लांबून मास्तरांची वाजलेली असे. एका रविवारी मॅचआधी बुटाची नाडी बांधता बांधता ती म्हणाली, "मास्तर, माझी आजची शेवटची मॅच. पुढे दुसरं कुणीतरी बघा."

"का गं? मी आहे ना पाठीशी."

"पाठीशी कुठे? तुम्ही कायम माझ्या पुढे असता. गाडीतही तेच. माझ्या आधी तुमचा ब्रेक. लायसन्सच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले ते उगाच का?"

मास्तरांच्या जिव्हारी लागलं. पोरगी गुणी होती, आणि ती आपल्यापायी जाणार हे त्यांना सहन होईना. तिच्या बाजूला आभाळ कोसळलं तरी आपण शिट्टी वाजवायची नाही, असं त्यांनी ठरवलं. मध्यंतरापर्यंत शिट्टी मुठीत आवळून धरली. उजवा पाय तेवढा ऐकेना.

शेवटचं मिनिट. दोन्ही संघ बरोबरीत. निळ्यांची कॅप्टन चेंडू न आपटता, हातात धरूनच दोन पावलं जास्तीची चालली आणि बास्केट करून मोकळी झाली. मास्तरांना स्वच्छ दिसलं. मूठ तोंडापर्यंत आली, ती त्यांनी खिशात कोंबली. तेवढ्यात शिट्टी वाजली. तिची.

"पावलं जास्त. बास्केट रद्द."

निळ्यांचे कोच तरातरा आले, ते थेट मास्तरांकडेच. "मास्तर, तुम्ही सांगा. तुम्ही बघितलंत ना?"

"तिचं बरोबर आहे" म्हणणं सोपं होतं. पण मग निकाल पुन्हा मास्तरांचाच झाला असता.

"मी नाही बघितलं," ते म्हणाले. "पंचबाईंना विचारा."

कोच नाइलाजाने तिच्याकडे वळले. ती काय म्हणाली ते मास्तरांना ऐकू आलं नाही, पण त्यात सॉरी नव्हतं हे कोचच्या चेहऱ्यावरून कळलं. पुढे जादा वेळात निळे हरले.

मॅच संपल्यावर ती घाम पुसत मास्तरांसमोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही बघितलं होतं."

"बघितलं होतं."

"मग खोटं कशाला बोललात? पंचाने खोटं बोलायचं नसतं. पुढच्या रविवारी मी हे खपवून घेणार नाही."

मास्तरांनी मान खाली घालून "बरं" म्हटलं. बोलणी खाऊन इतका आनंद त्यांना आयुष्यात कधी झाला नव्हता.