पुरुसोत्त

शाळेतल्या गणिताच्या सरांचा फोन दिवाळीनंतर आला. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण तालुक्याच्या कॉलेजात काय चाललंय ते अजूनही सगळ्यांच्या आधी त्यांना कळतं.

"गणिताचे प्राध्यापक उन्हाळ्यात रिटायर होतायत," ते म्हणाले. "कायमची जागा आहे. तासिका तत्त्वावरची नव्हे. भरायची परवानगी पण आली आहे. तुझी सेट झाली का?"

"यंदा होईल, सर."

"यंदा हा शब्द मी तुझ्याकडून पाठ केलाय. ही जागा गेली तर पुढची निघेपर्यंत मी नसेन, एवढं लक्षात ठेव."

सेट म्हणजे कॉलेजात शिकवायची पात्रता ठरवणारी परीक्षा. ती पास झाल्याशिवाय अर्जसुद्धा करता येत नाही. आणि मला आयुष्यात करायचं होतं ते एवढंच. आमच्या गावाजवळच्या त्या कॉलेजात फळ्यापुढे उभं राहून गणित शिकवायचं. वडील पिठाच्या गिरणीत कामाला होते. घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. मला एम.एस्सी.पर्यंत नेलं ते सरांनी. फीच्या वेळी ते ऑफिसात जाऊन काय बोलायचे ते मला आजही माहीत नाही. पदवी हातात आली तेव्हा बेंगळुरूची सॉफ्टवेअर तपासायची नोकरी चालून आली. घराला गरज होती. दोन वर्षं करू, तोवर सेट काढू आणि परत जाऊ, असं मी ठरवलं. त्या दोन वर्षांची किती झाली हे मी आता मोजत नाही.

सुरुवातीला मी चामराजपेटेत एका जुन्या मराठी घरात वरच्या खोलीत राहायचो. ऑफिस बेळ्ळंदूरला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलून जायचं, आणि रिंग रोडवर बस उभी राहिली की राहिलीच. घरमालकीणबाईंना सगळे अक्का म्हणत. त्यांचं घराणं इथं कित्येक पिढ्यांपासूनचं. त्यांचं मराठी मला निम्मं कळायचं. पहिल्याच आठवड्यात मी घाईघाईनं जिना उतरत होतो तेव्हा त्यांनी विचारलं, "का रे, पुरुसोत्त नाही का?"

मी थांबून नीट सांगितलं, "इथं कुणी पुरुषोत्तम राहत नाही, अक्का. वर मी एकटाच असतो."

अक्का जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसल्या. पुरुसोत्त म्हणजे फुरसत, हे मला त्यांच्या सुनेनं आतून ओरडून सांगितलं. आपलाच शब्द, कानडी अंगणात राहून असा झालेला. तेव्हापासून त्या घरात माझं नाव पुरुषोत्तम पडलं. "काय पुरुषोत्तम, आज तरी आहे का पुरुसोत्त? मग स्वल्प कॉफी घेऊन जा." मी बहुतेक वेळा नाहीच म्हणायचो. अभ्यास होता.

त्या खोलीत असताना मी दोनदा परीक्षा दिली. दुसऱ्यांदा अगदी थोडक्यात राहिली. मी विचार केला, आपलं काय चुकतं? उत्तर समोरच होतं. रोजचे कितीतरी तास बसमध्ये जातात. ते वाचवले तर सेट हातात आहे.

म्हणून मी ऑफिसजवळ, सर्जापूर रोडला राहायला गेलो. ऑफिसातला एक नागपूरचा मित्र तिथं फ्लॅट घेऊन राहत होता, त्याच्याबरोबर. अक्कांनी निघताना डब्यात चकल्या दिल्या आणि म्हणाल्या, "सरी, बरं, जा. तिकडे तरी वेळ मिळू दे तुला."

वेळ मिळाला. आणि मिळालेला वेळ वाया जाऊ नये म्हणून मी तो कसा वापरायचा हे शिकायला लागलो. व्हिडिओ पाहिले, पुस्तकं वाचली. पंचवीस मिनिटं काम, मग घंटा, पाच मिनिटं विश्रांती, पुन्हा पंचवीस मिनिटं. फोनमधल्या कॅलेंडरात दिवसाचे तुकडे पाडले आणि प्रत्येकाला रंग दिला. ऑफिसला निळा, गणिताला हिरवा, व्यायामाला केशरी, घरी फोन करायला पिवळा.

मित्रानं एकदा ते पाहिलं. "हे काय बे, रंगपंचमी आहे का? जांभळा कशाचा?"

"राखीव. काही राहून गेलं तर."

"म्हणजे मरायचं असेल तर जांभळ्यात मरायचं. निळ्यात मेलास तर मॅनेजर सोडणार नाही."

तो चेष्टा करायचा, पण ऑफिसात माझं कौतुक झालं. माझं काम वेळेआधी संपायचं, म्हणून मला आणखी काम मिळालं. मग नव्या मुलांना वेळेचं नियोजन शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी ते मनापासून केलं. फळा होता, खडू नव्हता, पेन होतं, समोर पोरं बसलेली होती, आणि ती लिहून घेत होती. घरी येताना मला बरं वाटलं होतं. आपण शिकवू शकतो, असं वाटलं होतं.

सरांच्या फोननंतर मी हिरवा रंग वाढवला. सकाळी एक तुकडा, दुपारी जेवण लवकर आटपून एक, संध्याकाळी दोन. एकही चुकू दिला नाही. परीक्षा जवळ आली होती तेव्हा शहरात बंद पुकारला गेला. ऑफिसनं सुट्टी दिली, शनिवारी भरून काढायच्या अटीवर. मित्र गावाला गेलेला. खाली दुकानांची शटरं ओढलेली, रस्त्यावर एक गाडी नाही, फोनवर एक निरोप नाही. असा अख्खा दिवस मला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. मी आंघोळ करून, चहा घेऊन टेबलाशी बसलो. खरंच आनंदात बसलो.

ग्रुप थिअरीतला एक सिद्धांत काढला. एम.एस्सी.ला असताना मी तो वर्गात फळ्यावर सिद्ध करून दाखवला होता. शाळेत सर शनिवारी एक उदाहरण द्यायचे आणि उत्तर पुढच्या शनिवारी विचारायचे. मी ते वडिलांच्या हाताखाली गिरणीच्या आवाजात, अंगावर पीठ उडत असताना, आठवडाभर डोक्यात घेऊन फिरायचो. उत्तर कधी कधी दळणाचा डबा उचलताना सापडायचं. मला एवढीच एक गोष्ट येत होती. एका प्रश्नापाशी थांबून राहणं.

त्या दिवशी मी पहिल्या ओळी लिहिल्या. पुढचं पाऊल दिसेना. ठीक आहे, दिसेल, म्हणून बघत राहिलो. थोड्या वेळानं लक्षात आलं की मी गणिताचा विचार करतच नाही, घंटेची वाट बघतो आहे. घंटा मी लावलेलीच नव्हती. तरी आत कुठेतरी ती वाजली आणि मी उठलो, पाणी प्यालो, खिडकीतून खाली बघितलं. परत बसलो. परत तेच. मन त्या ओळींपर्यंत जायचं आणि जरा खोल उतरायची वेळ आली की कुणीतरी बोलावल्यासारखं परत फिरायचं. कुणीही बोलावत नव्हतं. दुपारी मी शेवटी फोनवर पंचवीस मिनिटं लावून पाहिली. तेवढ्यात येण्याजोगं त्या सिद्धांतात काही नव्हतं.

वेळ नाही, वेळ नाही, असं मी इतकी वर्षं म्हणत आलो होतो. त्या दिवशी वेळ होता. पुरुसोत्त नव्हता. आणि तो आणायचा कुठून हे मला कळेना. बसमध्ये मी खांबाला धरून दोन-दोन तास एकच प्रश्न चघळत जायचो, ते मला त्या संध्याकाळी आठवलं. तो वेळ मीच वाचवला होता. अंधार पडेपर्यंत मी खुर्चीत होतो. कागदावर सकाळच्याच ओळी होत्या.

परीक्षेला मी कोल्हापूरला जाऊन आलो. प्रश्न वाचताना, हे आपल्याला कधीतरी येत होतं, एवढं ओळखू यायचं. निकाल लागला. मी नव्हतो, आणि या वेळी थोडक्यातही नव्हतो.

सरांना मीच फोन केला. निकाल सांगितला. मग मला सोपं व्हावं म्हणून त्यांनीच कारण पुढे केलं. "नोकरी सांभाळून कुठून मिळणार वेळ?"

हो म्हणालो असतो तर तिथंच संपलं असतं. पण ज्या माणसानं मला गणित दिलं त्याच्याशी तरी खरं बोलावं, असं वाटलं.

"वेळ होता, सर. पण मला आता बसता येत नाही."

"म्हणजे?" त्यांचा आवाज एकदम काळजीचा झाला. "पाठ दुखते का? तुमच्या त्या खुर्च्या वाईट. मणका दाखवलास का कुणाला?"

समजावून सांगायला लागलो असतो तर त्यांना वाटलं असतं, त्यांचं काही चुकलं. त्यांचं काही चुकलेलं नव्हतं.

"दाखवतो, सर," मी म्हणालो.

"दाखव. हयगय करू नकोस. आणि त्या जागेचं मनाला लावून घेऊ नकोस. सोलापूरचा एक मुलगा येतोय म्हणतात, हुशार आहे." मग ते पाठीला शेक कसा द्यायचा, कोणतं तेल चोळायचं ते सांगत राहिले, आणि मी हो सर, हो सर म्हणत ऐकत राहिलो.