न बोललेला नवस

माझ्यामुळे आयने दोन दिवस विनाकारण कळा सोसल्या.

नवापूरला बोंबील सुकवायच्या दोऱ्यांपाशी आय घसरली, मांडीचं हाड मोडलं. बोईसरच्या दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "कमरेत सुई देऊन पाय बधिर करू. बारीक नळी ठेवू, म्हणजे ऑपरेशननंतरही दुखणार नाही." आत्याची कंबर अशाच सुईने गेली, असं आमच्या घरात सगळे धरून चालतात. मी नको म्हटलं. आय म्हणाली, "घेते मी." तिला गप्प करायला मी सरळ ठोकून दिलं, "आय, मी गावदेवीला बोललेय, कण्याला सुई लावू देणार नाय." मी देवीला काहीएक बोलले नव्हते.

पूर्ण भूल देऊन ऑपरेशन झालं. भूल उतरली तशी आय तळमळायला लागली. औषधं चालू होती, पुरत नव्हती. नर्सने विचारलं की, पुन्हा कण्याच्या सुईचं काढतील या धाकाने "नाय दुखत" म्हणायची आणि पदर तोंडात धरायची. मासळीबाजार दणाणून सोडणारी माझी आय माझ्या खोट्या नवसापायी गप्प पडली होती. मी मेली तिच्या कपाळाला अंगारा लावत बसले.

दुसऱ्या दुपारी कुणाचा तरी डबा घेऊन एक कामगार चुकून आमच्या खोलीत शिरला. आयची अवस्था बघून थबकला. मी रडत आत्याचं, कमरेतल्या सुईच्या भीतीचं सांगितलं. "हमको भी कमर में लगा था, दीदी, पैर टूटा तब," तो म्हणाला. डबा खाली ठेवून उकिडवा बसला, झटकन उठला. "देखो, कुछ नहीं हुआ."

मी डॉक्टरबाईंकडे धावले. त्या रागावल्या नाहीत. आता जांघेजवळच्या सुईनेही पाय बधिर होईल, म्हणाल्या. ही सुई कण्याला नाही, असं सांगितल्यावर आयनेही होकार दिला. अर्ध्या तासात ती शांत झोपली. त्या माणसाला शोधलं, तो निघून गेला होता.

चालायला लागल्यावर आय ओटीचं सामान घेऊन मला गावदेवीच्या देवळात घेऊन गेली. "काय बोलली होतीस, ते फेड."

तिथे मात्र माझ्याच्याने खोटं बोलवेना. सगळं कबूल केलं. आय ओटी माझ्या हातात देत म्हणाली, "भर तूच. माझं सोसून झालंय."

ओटी भरली. त्या वाट चुकलेल्या माणसासाठी हात जोडले. देवीकडे मागायला मला तोंड नव्हतं. तिने न मागता दिलं होतं.